भिंगरीच्या टाचेतले सूर्यफूल

मी एक जुना सायटोस्टेरॉल आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच तोंड वाकडे करू नका. ते मी ठेवलेले नाही. सोप्या भाषेत सांगायचे तर मी झाडांच्या अंगातला एक स्निग्ध पदार्थ आहे, इतका बारीक की माझ्यासारखे अगणित एकत्र आले तरच तुम्हाला एक पिवळट ठिपका दिसेल. तुम्ही आज जी भाजी, जे फळ, जे दाणे खाल्लेत, त्यांत माझे भाऊबंद होतेच. तुम्ही ते खाल्लेत, विसरलात आणि बाहेर टाकलेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती ऐकून घ्यायला आजवर कोणी थांबलेले नाही.

सध्या माझा मुक्काम एका रुग्णालयात, काचेच्या बोटभर बाटलीत आहे. ही बाटली एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीत खिडकीशेजारच्या फळीवर असते. शिकाऊ डॉक्टर येतात, बाटली उजेडात धरतात, आतला पिवळा खडा निरखतात आणि जागेवर ठेवून देतात. एकाने तर मला मेणबत्तीचा तुकडा म्हटले. त्याचा राग आला नाही, कारण याहून वाईट गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि याहून चांगल्याही. दोन्ही सारख्याच खोट्या होत्या.

माझा जन्म सूर्यफुलाच्या शेतात झाला. झाडाचे अंग असंख्य पेशींचे बनलेले असते, आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात मला उभे केले गेले. ऊन तापले की पडदा सैल पडायला लागतो, थंडी पडली की तो ताठरतो. सैल पडला तर आतले बाहेर वाहून जाईल, ताठरला तर तडकेल. दोन्ही होऊ न देणे हे माझे काम. मी ते उभ्याउभ्या केले, चोख केले, आणि शेतातून जाणाऱ्या एकाही माणसाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लोक फुलाकडे बघत आणि किती सुंदर म्हणत. फूल ज्याच्या जिवावर उभे होते त्याला कोण विचारतो?

माझा एक चुलतभाऊ होता, कॅम्पेस्टेरॉल नावाचा. त्याचे नशीब माझ्यापेक्षा बरे. त्याच्यापासून झाड आपले वाढीचे रसायन तयार करते. ते रसायन नसेल तर रोप खुरटे, बुटके राहते. त्यामुळे आमच्या घरात सगळे कौतुक त्याच्या वाट्याला. मी आपला भिंतीतल्या विटेसारखा. असो. बी तयार झाली तशी आमची रवानगी बियांत झाली, कारण पुढच्या रोपालाही पडदे लागणार होते. पण आमच्या बियांतून पुढचे रोप यायचे नव्हते. त्या पोत्यांत भरल्या गेल्या आणि एका तेलाच्या घाण्यावर येऊन पडल्या.

हा घाणा एका अरुंद रस्त्यावर होता. पुढे दुकान, मागे लोखंडी घाणा आणि वर राहते घर. मोटार सुरू झाली की वरच्या मजल्यावरची भांडी हलकेच किणकिणत. घाणेवाला रुंद खांद्यांचा, मितभाषी माणूस होता. त्याच्या कपड्यांना, केसांना, अगदी पाकिटालाही तेलाचा वास असे. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. मोठ्या कारखान्यांत तेल तापवून, धुऊन, पुसून पाण्यासारखे फिके करतात, आणि त्या धुण्यापुसण्यात माझ्यासारखे बरेच जण गळून जातात. घाणेवाला असले काही करत नसे. बी दाबायची, तेल पिंपात निवळू द्यायचे, फडक्यातून गाळायचे, बस्स. आपल्या तेलात बियांतले सगळे जसेच्या तसे उतरते, असे तो गिऱ्हाइकाला सांगे. ते शंभर टक्के खरे होते. त्या घराचा घात ज्या गोष्टीने केला, ती त्या घरातली सगळ्यांत खरी गोष्ट होती.

मी पिंपात पडलो तेव्हा माझ्या नावाचा बाहेर डंका वाजत होता. कोण्या कंपनीने ब्रेडला लावायचा एक पिवळा लगदा काढला होता आणि त्यात मुद्दाम माझे भाऊबंद घातले होते. डब्यावर लाल हृदय छापलेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आमची चित्रे भिंतीवर लागली. त्या सगळ्या कौतुकामागचे गुपित फार साधे आहे. रक्तवाहिन्या तुंबवणाऱ्या कोलेस्टेरॉलचे नाव तुम्ही ऐकले असेल. तो प्राण्यांच्या अंगातला, मी झाडांच्या अंगातला, पण तोंडावळा जवळजवळ एकच. माणसाच्या आतड्यातून आत शिरायची वाट चिंचोळी असते. मी तिथे गर्दी केली की त्याला जागा मिळत नाही आणि तो बाहेर जातो. म्हणजे माझा मोठेपणा काय, तर बाकावर बसून दुसऱ्याची जागा अडवणे. एवढ्यासाठी माझे हृदयासकट फोटो छापले. म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींवरही मी गुणकारी आहे, असे कोणी तरी छातीठोक सांगू लागले. मी पिंपाच्या तळाशी बसून हे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, चढवा, अजून चढवा.

दुकानात घाणेवाल्याची बायको बसे. डबे भरणे, सुटे पैसे देणे, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणे हे सगळे तिच्याकडे. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला दोन मुले. थोरल्याला सगळे दादा म्हणत. तो तेलाचे डबे सायकलवरून घरोघर पोचवी. धाकटी मुलगी एका जागी घटकाभर ठरत नसे, पायाला भिंगरी लावल्यासारखी हुंदडत असे, म्हणून तिचे नावच भिंगरी पडले. पोत्यांवरून उड्या मारत ती खाली येई आणि पिंपाला हात लावून परत वर पळे. तिच्या हाताचा तो धक्का मला आतपर्यंत जाणवे.

दादाच्या कोपरांवर आणि बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी आल्या होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून आधी कोणी मनावर घेतले नाही. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि कोलेस्टेरॉलचा आकडा बघून ते खुर्चीत सरळ बसले. त्यांनी लोणी, अंडी, मांस सगळे बंद करायला सांगितले. वनस्पतींचे तेल, दाणे, बिया भरपूर खायला सांगितल्या, आणि तो लाल हृदयाचा डबाही. गोळ्याही दिल्या. ते डॉक्टर वाईट नव्हते. जे ते सगळ्यांना सांगत तेच त्यांनी याला सांगितले, आणि बाकी सगळ्यांसाठी ते बरोबरच होते.

घाणेवाल्याला तर आनंदच झाला. औषध घरातच होते. पहिल्या धारेचे तेल तो मुलासाठी बाजूला काढू लागला. आणि आकडा काही खाली येईना. तेल वाढले, दाणे वाढले, आकडाही वाढला. तेव्हा आईने हिशेब मांडला. घरात तर आपण काही चुकत नाही, डॉक्टर चुकणार नाहीत, मग चुकते कोण? मुलगा. तो दिवसभर बाहेर असतो, दारोदार फिरतो, नक्कीच कुठे तरी लोणी, मांस चोरून खातो. ती रोज त्याला विचारी आणि तो रोज नाही म्हणे. त्याच्या नाहीचा तिला राग येई. भीतीचा राग होता तो, पण बाहेर पडताना तो नुसता रागच दिसे.

एका सकाळी तिने दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावले की तू असाच खोटे बोलत राहिलास तर मरशील. तो म्हणाला, "नाही गं खात मी, आई." त्याने डबा उचलला आणि तो गेला. दुपारी कोणी तरी धावत सांगत आले की दादा एका इमारतीच्या जिन्यात डबा घेऊन चढताना कोसळला. रुग्णालयात नेईपर्यंत काही उरले नव्हते. हृदयाच्या वाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या तुंबल्या होत्या, असे डॉक्टर म्हणाले. जिन्यातले तेल पुसायला घाणेवाला स्वतः गेला. त्या वाहिन्यांत माझेच भाऊबंद बसलेले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते. ते त्याच्याबरोबर गेले.

मग सगळ्यांचे डोळे भिंगरीकडे वळले. तिच्या दोन्ही टाचांच्या वर, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेत, तशाच गाठी होत्या. बुटाने त्या घासत म्हणून ती टाचेवर चुरगळलेले बूट घालून फिरे, आणि आई तिला बूट नीट घाल म्हणून ओरडे. आता आईने तिचे मोजे काढून पाहिले आणि लगेच तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. आकडा दादासारखाच. एक लेकरू गेले होते, दुसरे जाऊ द्यायचे नाही असे त्या घराने ठरवले. मित्रांनो, त्या घराइतकी काळजी मी कुठे पाहिली नाही. रोज सकाळी घाणेवाला स्वतःच्या हाताने मोठा चमचा कच्च्या तेलाने भरी आणि लेकीच्या तोंडाशी नेई. मग मूठभर बिया. मग ब्रेडवर तो हृदयवाला लगदा. दादाच्या वेळी आपण कमी पडलो, असे त्याला वाटत असे, म्हणून हिच्या वेळी त्याने चमचा मोठा घेतला होता.

त्याच चमच्यातून मी भिंगरीच्या पोटात गेलो.

माझी काही मोठी अपेक्षा नव्हती. आमच्यातल्या अनुभवी मंडळींकडून ऐकले होते की आतड्यात थोडी धक्काबुक्की होते, आपल्यातले काही चुकून आत शिरतात, पण तिथे एक दार असते आणि ते दार आपल्याला ओळखते. हा पाहुणा आपल्या कामाचा नाही, असे म्हणून ते आपल्याला उलट पावली बाहेर ढकलते. यकृतातही तसेच दार असते, राहिलेल्यांना तिथून काढतात. तुमच्या सगळ्यांच्या अंगात ही दारे आहेत. दाराला दोन फळ्या असतात, आणि दोन्ही धड असतील तरच ते चालते. तुम्हाला त्यांचा पत्ताही नसतो, कारण ती मुकाट्याने काम करतात.

भिंगरीच्या अंगात ते दार मोडके होते. जन्मापासून मोडके. दार कसे घडवायचे याची कृती प्रत्येकाच्या अंगात दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तिच्या बापाच्या अंगातल्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, आईच्याही दोनपैकी एक बिघडलेली. दोघांचे एका धड प्रतीवर भागत होते, म्हणून दोघेही ठणठणीत. दोघांची बिघडलेली तेवढी पोरीच्या वाट्याला आली. मी आत शिरलो आणि बाहेर काढणारे कोणी भेटेना. माझ्यामागून रोज सकाळी नवे लोक येत होते. आम्ही तिच्या रक्तात फिरू लागलो. तांबड्या पेशींच्या पडद्यात घुसून आम्ही त्यांचा आकार बिघडवला. ज्या कणांमुळे रक्त गोठते ते आमच्यामुळे फुगले आणि संख्येने घटले, त्यामुळे जरा कुठे आपटले तरी तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठत. काही जण हृदयाच्या वाहिन्यांकडे गेले. मी टाचेच्या शिरेत अडकलो. तिथे आधीच बरेच जण गोळा झाले होते.

झाडात मला उभे राहायला जागा होती आणि काम होते. इथे काहीच नव्हते. शीर ताणली की ती आमच्यावर घासे आणि वर कुठे तरी पोर कण्हे. जिचे नाव भिंगरी, ती हळूहळू चालायला लागली. मग शाळेच्या मैदानाच्या कडेला बसायला लागली. नाव तेवढे राहिले.

आता सगळ्यांत कडू भाग सांगतो. रक्त तपासायची जी नेहमीची पद्धत आहे, तिला माझ्यात आणि कोलेस्टेरॉलमध्ये फरक कळत नाही. तोंडावळा सारखा असल्यामुळे ती आम्हा दोघांना एकाच नावाने मोजते. भिंगरीच्या रक्तात मी वाढत होतो आणि कागदावर तो वाढलेला दिसत होता. कोलेस्टेरॉल वाढले म्हणजे लोणी खाल्ले. घरात तर लोणी नाही. म्हणजे पोरगी बाहेर खाते. दादाच्या वेळचाच हिशेब आईने पुन्हा मांडला. बाहेरून आणलेले काही तिथे लपवायला नको म्हणून, शिवणकामाच्या पेटीला लावतात तसले छोटे कुलूप तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावले, आणि भिंगरी शाळेतून आली की दारातच तिला तोंड उघडायला लावून ती त्याचा वास घेई. आधी भिंगरी हसे. मग रडे. मग ती न सांगता तोंड उघडायला लागली, आणि ते मला सगळ्यांत वाईट वाटले.

एकदा भिंगरी चिडली. बापाने चमचा तोंडात घातला की ती तेल गालात धरून ठेवी आणि मोरीत जाऊन थुंकून टाकी. असे तिने पुष्कळ दिवस केले. बियाही खिशात भरून ती शाळेतल्या चिमण्यांना टाकी. आमच्याकडे नवी भरती थांबली. गाठी किंचित मऊ पडल्या. त्याच सुमारास रक्त तपासले, तर आकडा चक्क खाली आलेला. घरात इतक्या दिवसांनी कोणी तरी हसले. आई म्हणाली, कुलूप कामाला आले. तिने शेजारणीलाही सांगितले की पोरांवर नजर ठेवलीच पाहिजे.

मग घाणेवाल्याला मोरीची जाळी तेलाने चिकट झालेली दिसली. त्याने लेकीला विचारले. ती काही खोटे बोलली नाही. तिने आईबापांसमोर उभे राहून सांगितले, "मी तेल थुंकत होते. तेव्हाच आकडा खाली आला. तेल नको मला." मित्रांनो, शिकलेल्या माणसांना जे कळले नव्हते ते त्या पोरीच्या तोंडून बाहेर पडले होते. पण जिला खोटारडी ठरवले आहे तिचे खरे कोण ऐकणार? आई म्हणाली की भावासारखीच उलट उत्तरे द्यायला शिकलीस. बापाचे डोळे भरून आले. त्याला वाटले, माझ्या घाण्याचे तेल पोरगी मोरीत थुंकते. दुसऱ्या दिवसापासून तेल गिळेपर्यंत तो समोर बसू लागला. आकडा पुन्हा चढला, आणि आईने त्याचा अर्थ लावला की हिने पुन्हा चोरून खायला सुरुवात केली.

त्यानंतर भिंगरीने बोलणेच सोडले. विचारले की मान हलवायची, बस्स.

एके दिवशी तिच्या नाकातून रक्त सुरू झाले आणि थांबेना. तिला या रुग्णालयात आणले आणि ती या डॉक्टरीणबाईंसमोर येऊन बसली. या बाई रक्ताच्या आजारांच्या. पन्नाशीच्या, आवाज घोगरा, सतत थंड झालेला चहा पिणाऱ्या. त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन स्वतः पाहिला. त्यात फुगलेले कण आणि वेड्यावाकड्या तांबड्या पेशी होत्या. मग टाचा दाबून पाहिल्या. मग त्यांनी भिंगरीला विचारले की तू दिवसभरात काय काय खातेस. आई सांगू लागली, लोणी नाही, अंडी नाही, पण ही ऐकत नाही, बाहेर चोरून...

"तुम्ही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला सांगू द्या."

भिंगरीने आईकडे पाहिले, मग बापाकडे, आणि मग टेबलाच्या कडेकडे बघत ती हळू आवाजात बोलली. तेल. बिया. डब्यातला लगदा. आणि मधे तेल थुंकले होते ते, आणि आकडा कमी झाला होता तेही. एवढे बोलून तिने मान खाली घातली, कारण आता बोलणी बसणार याची तिला खात्री होती. डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप बाजूला सारला आणि तेच पुन्हा सांगायला लावले. पहिल्यांदाच कोणी तरी तिचे म्हणणे दोनदा ऐकत होते, आणि खोटे पकडायला नव्हे.

दुसऱ्याच दिवशी टाचेची जागा बधिर करून गाठीचा एक तुकडा काढला. त्या तुकड्यातून मी बाहेर आलो. अर्धा तुकडा एका यंत्रात गेला, जे सारख्या तोंडावळ्याच्या पदार्थांनाही वेगळे ओळखते. उरलेला अर्धा या बाटलीत राहिला. निकाल आला तेव्हा तिघांना बोलावले आणि बाटली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांनी मी घाणेवाल्याला पाहत होतो. तो म्हातारा दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळे समजावून सांगितले. दार, दाराच्या फळ्या, मी, आणि माझ्यासारखा दिसणारा तो. घाणेवाल्याने बाटली हातात घेतली, नाकाशी नेली, सवयीने. मग तो म्हणाला, "आमच्या तेलात भेसळ नाही हो बाई."

"भेसळ नाहीच," त्या म्हणाल्या. "तेल चांगलंच आहे. दुसऱ्या कुणालाही चालेल. फक्त हिला नाही."

आई म्हणाली की आम्ही दोघे जन्मभर हेच तेल खातो, आम्हाला कसे काही झाले नाही. डॉक्टरीणबाईंनी एका धड प्रतीची गोष्ट पुन्हा सांगितली. आईला ती कळली असावी, कारण तिने पुढे काही विचारले नाही. ती मांडीवरचा रुमाल घट्ट पिळत राहिली.

मग भिंगरी बोलली. "म्हणजे मी चोरून खात नव्हते."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही. आईला म्हणू दे."

आई लेकीकडे वळली. "नव्हतीस खात," ती म्हणाली. "माझं चुकलं, बाळा."

मला वाटले, इथे गोष्ट संपेल. पोर रडेल, आई जवळ घेईल, आणि तुम्हाला आवडतो तसा शेवट होईल. भिंगरी रडली नाही. तिने थोडा विचार केला आणि ती म्हणाली, "मग दादा पण नव्हता खात."

घाणेवाला उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे रुंद खांदे हलत होते. आई तशीच बसून राहिली. तिला कोणी हात लावला नाही आणि तिनेही कोणाला लावला नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. तेल, दाणे, बिया, तो लगदा, सगळे बंद झाले. आतड्याच्या वाटेवर आम्हाला अडवणारी एक गोळी आहे, ती रोज सुरू झाली. भिंगरी तपासणीला येते तेव्हा मी फळीवरून तिला पाहतो. टाचांच्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या आहेत. बूट नीट घालून चालते. हृदयाची एक वाहिनी थोडी अरुंद झालेली आहे, त्यावर आता जन्मभर लक्ष ठेवावे लागणार. पण ती जगेल, असे डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्या उगाच काही म्हणत नाहीत. घाणा अजून चालू आहे, कारण पोट त्यावरच आहे. मात्र आपल्या तेलात सगळे जसेच्या तसे उतरते, असे घाणेवाला आता गिऱ्हाइकाला सांगत नाही, असे भिंगरीकडून कळले.

बाहेर माझी गंमत चालूच आहे. डब्यांवर लाल हृदय छापले जाते. दुसरीकडे काही जाणकार म्हणतात की मी इतरांच्या रक्तातही थोडा जास्त झालो तर हृदयाला धोका असेल. काही म्हणतात, छे, तसे काही नाही. अजून एकमत झालेले नाही. कोणी मला डोक्यावर घेतो, कोणी पायदळी तुडवतो. मी सूर्यफुलाच्या पडद्यात उभा राहण्यासाठी जन्मलो होतो. तेवढे एक काम मला येत होते.

गेल्या आठवड्यात आई एकटीच आली. दुपारची वेळ होती, बाहेरच्या बाकावर कोणी नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. तिने फळीवरची बाटली उचलली आणि मला अगदी डोळ्यांजवळ धरले. मग विचारले, "दादाच्या अंगातही हेच होतं ना? नक्की सांगा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शक्यता फार मोठी आहे, पण नक्की सांगता येणार नाही. त्याच्या गाठीचा तुकडा कोणी घेतला नव्हता, रक्तही ठेवलेले नव्हते. आता तपासायला काही उरलेले नाही.

"मग मी काय समजायचं?"

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तो स्वतः काय म्हणायचा?"

"नाही खात म्हणायचा. रोज म्हणायचा." आई म्हणाली. "शेवटच्या दिवशीसुद्धा."

"मग तेच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने बाटली इतक्या जपून फळीवर ठेवली की काचेचा आवाजसुद्धा झाला नाही. मग ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि कोणाशी तरी बोलावे तसे भिंतीकडे बघून म्हणाली, "बरं बाळा. नव्हतास खात." आणि निघून गेली.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी काळजी घ्या असे सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. काळजी त्या घरात भरपूर होती, रोज सकाळी चमचा भरून दिली जात होती. कमी होती ती दुसरीच गोष्ट. तुमच्या घरात कोणी मी नाही केले असे म्हणाले, आणि सगळे पुरावे त्याच्या विरुद्ध असले, तरी एकदा त्याचे खरे धरून पाहा. तो समोर उभा असताना धरा. नंतर भिंतीला सांगून काय होते ते मी या फळीवरून पाहिले आहे, आणि काहीच होत नाही.